परदेशी शिकणाऱ्या मुलीचा हिशोब

टेंभी नाक्याच्या आसपास पायी फिरले, तरी ठाण्यातील सार्वजनिक देणगीचा इतिहास नजरेखालून जातो. बेने इस्राएली समाजाने 1879 मध्ये उभारलेले शार हाशामायिम हे सिनेगॉग इथे आहे. पारशांची अग्यारी आहे, बैरामजी जीजीभॉय यांच्या नावाचे बी. जे. हायस्कूल आहे आणि विठ्ठल सायन्ना यांचे नाव लावणाऱ्या सिव्हिल हॉस्पिटलचा परिसर आहे. नवरात्रात याच नाक्यावर आनंद दिघे यांनी सुरू केलेल्या उत्सवाला साऱ्या जिल्ह्यातून माणसे लोटतात. सार्वजनिक कामासाठी पैसा आणि माणसे कशी उभी करायची, हे या गावाला शिकवावे लागत नाही.

तरीही एक खर्च आपण आजवर खासगीच मानत आलो आहोत. घरातल्या मुलीला परदेशी विद्यापीठाचे प्रवेशपत्र आले, की नातेवाईक अभिनंदन करतात, सोसायटीत पेढे वाटले जातात, आणि मग प्रश्न उरतो तो बापाच्या ऐपतीचा. ऐपत असेल तर मुलगी जाते. नसेल तर प्रवेशपत्र कपाटात जाते आणि त्याविषयी पुन्हा कोणी बोलत नाही. माझे म्हणणे असे, की हा खर्च दवाखान्याइतकाच, शाळेइतकाच सार्वजनिक आहे. हे पटवून देणारा सर्वांत मोठा पुरावा ठाणे जिल्ह्याच्याच मातीतला आहे.

कल्याणच्या जोशी घराण्यातली यमुना वयाच्या नवव्या वर्षी पोस्टात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशींशी लग्न होऊन आनंदी झाली. चौदाव्या वर्षी तिला मूल झाले आणि ते काही दिवसांतच गेले. पुढे डॉक्टर होण्याच्या निश्चयामागे हे दुःख होते, ही गोष्ट मराठी घराघरांत माहीत आहे. कादंबरी, नाटक, मालिका, चित्रपट या सर्वांनी ती सांगितली. सांगताना भर राहिला तो गोपाळरावांच्या हट्टावर आणि आनंदीबाईंच्या सोशिकपणावर. या प्रवासाचे पैसे कोठून आले, कोणी कोणत्या अटीवर दिले, या प्रश्नांकडे आपण फारसे पाहिले नाही. आजच्या मुलीच्या दृष्टीने मात्र तेच प्रश्न कळीचे आहेत.

1878 मध्ये गोपाळरावांनी अमेरिकी मिशनरी रॉयल वाइल्डर यांना पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी मदत मागितली. वाइल्डर मदतीला तयार होते, पण ख्रिस्ती धर्म स्वीकारला तर. जोशी दांपत्याने ते मान्य केले नाही. वाइल्डर यांनी तो पत्रव्यवहार आपल्या नियतकालिकात छापला. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या हाती दंतवैद्याकडे बसल्या असताना ते जुने अंक पडले, त्यांनी वाचले आणि अनोळखी मुलीला पत्र पाठवले. त्यातून जन्माला आलेले नाते इतके घट्ट झाले, की आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. कार्पेंटरबाईंनी आपल्या घराचे दार उघडले आणि बदल्यात काहीही मागितले नाही.

24 फेब्रुवारी 1883 रोजी बंगालमधील श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी भाषण केले. अमेरिकेला का जाते आहे, एकटी का जाते आहे, हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हे अठराव्या वर्षात असलेल्या या मुलीने भर सभेत सांगितले. त्या भाषणानंतर देशभरातून मदत येऊ लागली. व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांनीही 200 रुपये दिले. अंगावरचे दागिने विकावे लागले ते वेगळेच. 7 एप्रिलला त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि 4 जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजच्या डीन रेचल बॉडली यांनी त्यांना प्रवेश आणि आर्थिक सवलत दिली. म्हणजे एका मुलीच्या शिक्षणासाठी दागिने, वर्गणी, एका कुटुंबाचा आसरा आणि कॉलेजची शिष्यवृत्ती असे चार झरे एकत्र यावे लागले. यातला एक जरी आटला असता, तरी पुढे काहीच घडले नसते.

त्याच कॉलेजात 1885 मध्ये काढलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात साडीतल्या आनंदीबाई, किमोनो घातलेल्या जपानच्या केई ओकामी आणि दमास्कसच्या सबात इस्लांबुली अशा तिघी एका रांगेत आहेत. ओकामी यांना प्रेस्बिटेरियन पंथाच्या स्त्रियांच्या मिशन संस्थेचा आधार होता. 1889 मध्ये त्या पदवीधर झाल्या, मायदेशी परतल्या, तोक्योच्या जिकेई रुग्णालयात रुजू झाल्या. तिथे सम्राट भेटीला आले, तेव्हा ही डॉक्टर स्त्री आहे म्हणून तिची भेट नाकारली गेली. ओकामी यांनी राजीनामा दिला आणि स्वतःचा दवाखाना काढला.

आनंदीबाई 11 मार्च 1886 रोजी पदवीधर झाल्या. कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री विभागाची जबाबदारी देऊ केली होती. पण फिलाडेल्फियाची थंडी, शाकाहारासाठी स्वतःच करून खायचा अपुरा स्वयंपाक आणि अभ्यासाचा ताण यांनी शरीर पोखरले होते. क्षयाने गाठले होते. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्या गेल्या, तेव्हा बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. कोल्हापूरच्या रुग्णालयात त्या एक दिवसही काम करू शकल्या नाहीत.

आता एखादा व्यवहारी माणूस विचारेल, की मग एवढ्या पैशाचे, एवढ्या खटाटोपाचे फळ काय? हा प्रश्न टाळून चालणार नाही, कारण आजही मुलीच्या परदेशी शिक्षणाची चर्चा याच भाषेत होते. एवढे घालायचे, आणि उद्या लग्न झाले तर? परत आलीच नाही तर? नोकरी सोडली तर? हा हिशोब एका मुलीपाशी सुरू होतो आणि तिच्यापाशीच संपतो. तो चुकतो तो इथेच.

आनंदीबाईंच्या पदवीदानासाठी पंडिता रमाबाई इंग्लंडहून फिलाडेल्फियाला गेल्या. त्या समारंभापुरत्या गेलेल्या रमाबाई अमेरिकेत दोन वर्षांहून अधिक राहिल्या. ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक त्यांनी तिथेच 1887 मध्ये प्रसिद्ध केले. त्याला प्रस्तावना लिहिली ती याच डीन बॉडली यांनी. त्या वर्षअखेरीस बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. तिथल्या सभासदांनी दहा वर्षे दरवर्षी ठरावीक रक्कम देण्याचे वचन दिले. त्या पैशातून मार्च 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झाले. सदनात शिकलेल्या पहिल्या विधवांपैकी गोदूबाई जोशी यांच्याशी 1893 मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी लग्न केले. गोदूबाई आपल्याला बाया कर्वे म्हणून ठाऊक आहेत. कर्व्यांनी पुढे हिंगण्याचा आश्रम उभारला. तोक्योच्या जपान महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचून त्यांना आपल्याकडेही असे विद्यापीठ हवे असे वाटले, आणि 1916 मध्ये ते सुरू झाले. आज आपण त्याला एसएनडीटी म्हणतो. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या कितीतरी घरांत आजीने, आईने किंवा मावशीने तिथली पदवी घेतलेली असेल.

कल्याणच्या एका मुलीला मिळालेल्या वर्गणीचे हे फळ आहे. रमाबाई, कर्वे यांच्या कर्तृत्वाचे श्रेय त्यांचेच आहे. पण फिलाडेल्फियातला तो समारंभ झाला नसता, तर रमाबाईंची अमेरिका वेगळी असती. ज्या मुलीने स्वतः एक दिवसही वैद्यकी केली नाही, तिच्यावरचा खर्चही वाया गेला नाही. म्हणून शिष्यवृत्तीचा हिशोब मांडायचा तो साखळीवर मांडला पाहिजे.

मात्र आनंदीबाईंपासून सुरू झालेली ही साखळी बऱ्याच अंशी योगायोगाने जुळली. जुने अंक कार्पेंटरबाईंच्या हाती पडले, रमाबाई वेळेवर पोचल्या, बॉस्टनचे लोक भले निघाले. प्रत्येक पिढीतल्या मुलीला असा योग लाभेल या भरवशावर समाजाने राहायचे का? याचे उत्तर त्याच फिलाडेल्फियात, त्याच दशकाच्या अखेरीस एका जपानी तरुणीने शोधले.

1871 मध्ये जपान सरकारने इवाकुरा शिष्टमंडळाबरोबर पाच मुली अमेरिकेला पाठवल्या. सर्वांत धाकटी त्सुदा उमेको अवघी सहा वर्षांची होती. खर्च सरकारचा, मुदत दहा वर्षांची. त्यांच्यातली यामाकावा सुतेमात्सू पोकिप्सी गावच्या वासर कॉलेजातून 1882 मध्ये पदवीधर झाली. महाविद्यालयीन पदवी मिळवणारी ती पहिली जपानी स्त्री. याच पोकिप्सीत कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत पुढे आनंदीबाईंच्या अस्थी विसावल्या. पण मुली जपानला परतल्या तेव्हा सरकारकडे त्यांच्यासाठी काहीही काम नव्हते. मुलगे परतले की मंत्रालये वाट पाहत असत. मुलींना पाठवण्याची योजना होती, परतल्यावर त्यांचे काय करायचे याचा विचार कोणी केलाच नव्हता.

उमेको 1889 मध्ये पुन्हा अमेरिकेला गेली, या वेळी फिलाडेल्फियाजवळच्या ब्रिन मॉर कॉलेजात जीवशास्त्र शिकायला. इथेच तिने आपल्या नशिबाचा वेगळा अर्थ लावला. मला मिळाली तशी संधी दुसरीला मिळावी, तिसरीला मिळावी, आणि त्यासाठी सरकारच्या लहरीवर विसंबावे लागू नये, असे तिने ठरवले. मेरी मॉरिस या फिलाडेल्फियातील बाईंच्या साथीने, सभांतून बोलत, तिने 8000 डॉलर उभे केले. रकमेला हात न लावता तिच्या व्याजातून एकेका जपानी मुलीला अमेरिकेत कॉलेज शिक्षण द्यायचे, अशी ही योजना. 1893 पासून 1976 पर्यंत हा निधी चालला आणि सुमारे पंचवीस मुली त्यातून शिकल्या.

ऐंशी वर्षांत पंचवीस मुली, हा आकडा लहान वाटतो. पण या मुली कोण झाल्या ते पाहावे. पहिली मात्सुदा मिची क्योतोच्या दोशिशा महिला महाविद्यालयाची प्रमुख झाली. कावाई मिचीने 1929 मध्ये स्वतःची शाळा काढली, तिच्यातूनच पुढे केइसेन विद्यापीठ उभे राहिले. होशिनो आई ब्रिन मॉरहून परतली आणि उमेकोने 1900 मध्ये सुरू केलेल्या मुलींच्या शिक्षणसंस्थेची पुढची प्रमुख झाली. या प्रत्येकीच्या हाताखाली हजारो मुली शिकल्या. निधी लहान होता, पण तो एका मुलीपाशी संपणारा नव्हता. परतणाऱ्या मुलीसाठी काम तयार होते, कारण आधी परतलेल्यांनीच त्या संस्था उभ्या केल्या होत्या. योगायोगाने जुळणारी साखळी आणि ठरवून घडवलेली साखळी यांतला फरक तो हाच.

या दोन इतिहासांतून आजच्यासाठी काही निकष मिळतात. पहिला अटींचा. मदत देणाऱ्याला मुलीचा धर्म, तिचे मत, तिचा अभ्यासविषय यांवर हक्क सांगता येणार नाही. वाइल्डर यांची अट आज आपल्याला अन्यायाची वाटते, पण तिची नवी रूपे दिसतात. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीच्या 2022 च्या नियमांत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना, ज्यांनी आपल्याच समाजाचा अभ्यास जगासमोर मांडावा अशी अपेक्षा होती, त्यांनाच ते दार बंद झाले. शिकायला पैसा देणे आणि काय शिकावे हे ठरवणे या दोन गोष्टी वेगळ्या राहिल्या पाहिजेत.

दुसरा निकष शरीराचा. आनंदीबाईंना प्रवेश मिळाला, सवलत मिळाली, पण उबदार खोली आणि पोटभर जेवण यांची हमी कोणी दिली नव्हती. आजही अनेक मदती शिकवणी शुल्कापर्यंत येऊन थांबतात. घरभाडे, आजारपण, हिवाळ्याचे कपडे, मन खचले तर लागणारा आधार, हे सारे मुलीने निभावून न्यायचे. अर्धी शिष्यवृत्ती कधी कधी पूर्ण नकारापेक्षा महाग पडते, कारण ती मुलीला अशा जागी नेऊन ठेवते जिथून मागेही फिरता येत नाही.

तिसरा निकष परतीचा. 1913 मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. दहा वर्षे बडोद्याची सेवा करण्याचा करार होता. करार पाळायला ते 1917 मध्ये बडोद्याला आले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी पथिकाश्रमातूनही जात कळताच बाहेर काढले. पैसा देणारा राजा उदार होता, समाज तयार नव्हता. याउलट आनंदीबाईंची जागा जिथे रिकामी राहिली त्या कोल्हापुरात पुढे डॉ. कृष्णाबाई केळवकर शाहू महाराजांच्या पाठबळावर परदेशी शिकून आल्या आणि त्याच आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांनी काम केले. पाठवणाऱ्यांनी परतीचाही विचार केला, की असे घडते.

जपाननेही हा धडा अजून पुरता घेतलेला नाही. त्सुदा उमेको 2024 पासून 5000 येनच्या नोटेवर आहे. पण 2018 मध्ये तोक्यो वैद्यकीय विद्यापीठात मुलींचे प्रवेश परीक्षेतले गुण वर्षानुवर्षे मुद्दाम कमी केले जात असल्याचे उघड झाले. कारण काय, तर बाळंतपणानंतर त्या काम सोडतात. म्हणजे पुन्हा तोच एका मुलीपुरता हिशोब. आपणही आनंदीबाईंचे पुतळे उभारू, त्यांच्या जयंतीला हार घालू, आणि शेजारच्या मुलीचे प्रवेशपत्र मात्र वाया जाऊ देऊ, तर आपल्यात आणि त्या परीक्षकांत फार अंतर उरणार नाही.

यावर काही रास्त आक्षेप आहेत. पहिला असा, की इथली कॉलेजे सुधारा, परदेशाचे वेड कशाला? 1883 मध्ये, आनंदीबाई निघाल्या त्याच वर्षी, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजचे दार स्त्रियांना उघडले, हे खरे आहे. इथले शिक्षण सुधारलेच पाहिजे. पण कर्व्यांनी तोक्योची पुस्तिका वाचली म्हणून त्यांचे विद्यापीठ दुबळे झाले नाही, उलट त्याला आकार आला. जग पाहून आलेली माणसे इथल्या संस्थांना नवे मापदंड देतात. घरची शाळा आणि परदेशचे विद्यापीठ यांना एकमेकांच्या विरोधात उभे करण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप, की आता बँका शैक्षणिक कर्ज देतात. देतात, पण मोठ्या रकमेला सहसा तारण लागते. आपल्याकडे घर किंवा जमीन बहुधा बापाच्या नाहीतर भावाच्या नावावर असते. मुलासाठी घर गहाण ठेवणारे आईबाप मुलीसाठी ठेवताना थांबतात, कारण तिचे लग्न हा दुसरा खर्च त्यांच्या डोळ्यांसमोर उभा असतो. शिवाय कर्ज घेऊन गेलेल्या मुलीला ज्या अभ्यासात पगार लवकर मिळतो तोच निवडावा लागतो. इतिहास, मानववंशशास्त्र, भाषा, मूलभूत विज्ञान हे विषय मग श्रीमंतांच्या मुलींसाठी राखीव होतात.

तिसरा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो. ती तिकडेच स्थायिक झाली तर आपल्या पैशाचे काय? 1892 मध्ये जमशेटजी टाटांनी परदेशी शिक्षणासाठी जो निधी स्थापला, त्याने याचे उत्तर त्याच वेळी दिले होते. मदत कर्जाऊ होती. फेडलेला पैसा पुढच्या विद्यार्थ्याकडे जाई. सुरुवातीच्या लाभार्थींत डॉ. फ्रेनी कामा आणि डॉ. कृष्णाबाई केळवकर या स्त्रिया होत्या, ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे. मुलीने कोठे राहावे हे बंधन घालण्यापेक्षा तिने पुढच्या मुलीसाठी काय करावे हे बंधन घालणे अधिक न्याय्य आहे. बॉस्टनमध्ये राहणारी डोंबिवलीची मुलगी कल्याणच्या मुलीच्या शिक्षणाचा वाटा उचलू शकते, तिच्या अर्जावर नजर टाकू शकते, पहिल्या हिवाळ्यात तिला घरी जेवायला बोलावू शकते. कार्पेंटरमावशींनी नेमके हेच तर केले.

सरकारी योजना आहेत. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेशी शिष्यवृत्ती आहे, सारथी संस्थेची सयाजीराव गायकवाडांच्या नावाची आहे. त्या टिकल्या आणि वाढल्या पाहिजेत. पण निवड याद्या लांबल्या आणि प्रवेशाची मुदत टळून गेली, ही तक्रार विद्यार्थी वारंवार करतात. शिवाय प्रवेश मिळण्याच्या आधीचा खर्च कोणतीच मोठी योजना सहसा उचलत नाही. भाषेच्या परीक्षेलाच 15 ते 20 हजार रुपये लागतात. प्रत्येक विद्यापीठाचे अर्ज शुल्क वेगळे, कागदपत्रे पाठवण्याचा खर्च वेगळा, व्हिसासाठी खात्यात पैसे दाखवायचे ते वेगळेच. कितीतरी मुली या पहिल्या पायरीवरच थांबतात आणि त्यांची नोंद कोणत्याही यादीत होत नाही, कारण त्यांनी अर्जच केलेला नसतो.

म्हणूनच ठाणे, कल्याण, डोंबिवलीने मिळून आपल्या मुलींसाठी एक कायमचा निधी उभारावा, असे मला कळकळीने म्हणायचे आहे. त्याचे मूळ धन अबाधित राहावे, उमेकोच्या निधीसारखे. त्याने आधी अर्जाचा खर्च उचलावा, कारण थोड्या पैशात सर्वाधिक मुलींना दार तिथेच उघडते. निवड विषय किंवा जात-धर्म पाहून न होता गुण आणि गरज पाहून व्हावी, आणि ती प्रवेशाच्या मुदतीआधी जाहीर व्हावी. ज्या मोजक्या मुलींना पूर्ण मदत द्यायची, त्यांना ती राहण्या-खाण्यासह द्यावी. त्यांच्याकडून एकच वचन घ्यावे, कमावत्या झाल्यावर पुढच्या मुलीचा वाटा उचलण्याचे. इथल्या कॉलेजांनी, रुग्णालयांनी, प्रयोगशाळांनी परतणाऱ्या मुलींसाठी जागा राखाव्यात, निदान त्यांना बोलावून ऐकावे.

हे अशक्य आहे असे ठाणेकरांनी तरी म्हणू नये. एका नाक्याभोवती सिनेगॉग, अग्यारी, शाळा आणि दवाखाना उभे करणारे हे शहर आहे. उत्सवमंडळे, सहकारी बँका, गृहनिर्माण संस्था, माजी विद्यार्थ्यांचे मेळावे असे वर्गणीचे सारे मार्ग इथे तयार आहेत. प्रत्येक मंडळाने आपल्या वार्षिक जमाखर्चात मुलींच्या उच्च शिक्षणाचे एक कायमचे खाते उघडले, एवढ्यानेही सुरुवात होईल. 1883 मध्ये कल्याणच्या एका मुलीला जगाने वर्गणी दिली. त्या वर्गणीचे व्याज आपण चार पिढ्या खात आलो आहोत. आता मूळ धनात भर घालण्याची पाळी आपली आहे, आणि ती याच वर्षीच्या जमाखर्चापासून घालता येईल.